चार विसा बारा

चाळिशीत फ्रेंच शिकायला घेतलं, ते एका ईमेलमुळे. फ्रान्समधल्या सहकाऱ्याने लिहिलं होतं, "आय डिमांड द ड्रॉइंग्ज." मी दिवसभर फुगून बसले!

नंतर कळलं, फ्रेंचमध्ये 'दमाँदे' म्हणजे नुसतं विचारणं, मागणं. बिचारा नम्रपणेच मागत होता.

असे फसवे शब्द बरेच आहेत. 'एव्हाँत्युएलमाँ' हा इंग्रजी 'इव्हेंच्युअली' नव्हे. त्याचा अर्थ 'जमलंच तर'. त्या शब्दासोबत सोमवार आला, तर सोमवार धरून चालू नका.

आकडे ऐकताना मात्र घाम फुटतो. 92 म्हणजे 'कात्र-व्हँ-दूझ', शब्दशः चार-वीस-बारा. माझी आजी विसांवरच मोजायची, चार विसा म्हणजे ऐंशी. त्यामुळे मला ते घरचंच वाटलं. (79 ला 'एकोणऐंशी' म्हणणाऱ्यांनी तर हसूच नये.)

आणि तिकडे दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. 3,5 मिमी म्हणजे साडेतीन.

'त्यू' आणि 'व्हू' आपल्याला सोपं, सरळ तू आणि तुम्ही. ऑफिसात 'व्हू'नेच सुरुवात करा. लिंगंही दोनच, आपल्यापेक्षा एक कमी!

दीड वर्षात डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची ए2 पातळी झाली. मीटिंग अजून इंग्रजीतच होतात, पण ईमेलवरून रुसवे थांबले.

कुणी शिकत असाल, तर कुठे अडलंय ते विचारा. जमेल तेवढं सांगते.