चार सेकंदांचे मानकरी



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलवर बोलावे, हे पत्रिकेत वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. चूक नाही, विषय आम्हीच मागून घेतला. आमची शाळा नववीत सुटली, त्यानंतरचे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभांत झाले. त्यामुळे अमुक विषय आपला नव्हे असे म्हणण्याची सवय आम्हांस लागलीच नाही.

झाले असे की आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. तो सुटीवर आला असता त्याने आपल्या मोबाईलवर आम्हांस एक चित्रफीत दाखविली. जेमतेम अर्ध्या मिनिटाची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा काहीच कळले नाही. दुसऱ्यांदा एक माणूस चेंडू घेऊन धावताना दिसला. चौथ्या-पाचव्यांदा मात्र त्या माणसाच्या आजूबाजूची माणसे दिसू लागली, आणि आम्ही सावरून बसलो.

आधी खेळ समजून घेऊ. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो बहुतेक वेळ हातात असतो. मैदान १०० यार्डांचे, प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण. लाथेने उंच खांबांमधून उडविला की ३. चेंडूवाल्याला जमिनीवर पाडले की तो डाव तिथे संपतो. एक नियम मात्र नीट ध्यानात ठेवा : पुढे चेंडू फेकायला बंधने आहेत, पण मागे किंवा बाजूला साथीदाराकडे तो कितीही वेळा देता येतो. सगळी कथा या नियमावर उभी आहे.

तारीख २० नोव्हेंबर १९८२. गाव बर्कली. कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि शेजारचे स्टॅनफर्ड यांचा सामना, म्हणजे भाऊबंदकीच. शेवटच्या क्षणी स्टॅनफर्डने लाथेने ३ गुण मिळविले आणि २०–१९ अशी आघाडी घेतली. घड्याळात ४ सेकंद उरले होते. आनंदाच्या भरात स्टॅनफर्डचे खेळाडू मैदानात धावले, म्हणून त्यांना १५ यार्डांचा दंड झाला आणि पुढचा चेंडू तेवढा मागून मारावा लागला. नाचण्याचा दंड कोणी मनावर घेत नाही, पण हे १५ यार्ड पुढे फार महाग पडले.

चेंडू आला तो केव्हिन मोएन याच्या हाती. त्याने तो रिचर्ड रॉजर्सकडे फेकला. रॉजर्सला पुढे वाट नव्हती, त्याने ड्वाइट गार्नरला दिला. गार्नरला पाचजणांनी घेरले आणि तो खाली जाऊ लागला. पडता पडता त्याने चेंडू पुन्हा रॉजर्सकडे भिरकावला. गार्नर पडला, सामना संपला, असे समजून स्टॅनफर्डचा १४४ जणांचा बँड वाजतगाजत मैदानात शिरला. रॉजर्स धावला, त्याने मॅरिएट फोर्डला चेंडू दिला. फोर्डसमोर तीन गडी उभे होते. त्याने मागे न पाहता खांद्यावरून चेंडू मागे टाकला आणि स्वतः त्या तिघांवर जाऊन आदळला. चेंडू झेलला तो मोएननेच, जिथून गोष्ट सुरू झाली होती त्यानेच. तो बँडवाल्यांमधून वाट काढीत सीमेपार गेला आणि तिथे उभ्या असलेल्या गॅरी टिरेल नावाच्या ट्राँबोनवाल्यावर कोसळला. पंचांनी आपसात खल केला आणि टचडाउन दिले. २५–२०.

अमेरिकेत याला नुसते 'तो डाव' म्हणतात. पुढे काही सांगावे लागत नाही. स्मरण राहिले ते मोएनचे, आणि गंमत अशी की ज्याने खेळात भागच घेतला नव्हता त्या ट्राँबोनवाल्याचे. ज्याने तिघांना अंगावर घेतले त्या फोर्डचे नाव किती जणांच्या तोंडी येते? ज्याने घोळक्यात 'चेंडू घेऊन पडायचे नाही' अशी ताकीद सोबत्यांना देऊन ठेवली होती त्या रॉजर्सचे? आपल्या कबड्डीत साखळीने पाय धरून ठेवलेला असतो, पण टाळ्या शेवटी अंगावर झेप घेणाऱ्याला. आम्ही प्रेक्षकांना दोष देत नाही. डोळा चेंडूमागे जातो, तो त्याचा धर्म आहे. पण चित्रफीत पुन्हा पाहता येते, आणि पुन्हा पाहिली की हिशेब बदलतो.

तसेच २०१३ सालचे. ३० नोव्हेंबरला ऑबर्न आणि अलाबामा यांची २८–२८ अशी बरोबरी झाली होती. घड्याळ संपले होते, पण अलाबामाच्या प्रशिक्षकाने हरकत घेतली, चित्र तपासले गेले आणि १ सेकंद परत मिळाला. त्या एका सेकंदात त्यांनी ५७ यार्डांवरून चेंडू मारला. तो तोकडा पडला. खांबांखाली उभ्या असलेल्या ख्रिस डेव्हिसने तो झेलला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाऊन सामना जिंकला. लोक म्हणतात, काय धावला! धावला हे खरेच. परंतु अशा लाथेच्या वेळी मारणाऱ्याच्या रक्षणासाठी धिप्पाड, जडअंगी माणसे उभी करतात; पाठलाग हे त्यांचे काम नव्हे. त्यातून डाव्या बाजूने ऑबर्नच्या गड्यांनी त्यांना एकेक करून अडविले. डेव्हिसला शेवटचे अर्धे मैदान जवळजवळ मोकळे मिळाले, ते कोणीतरी मोकळे केले म्हणून. त्याच सामन्यात अलाबामाच्या केड फॉस्टरच्या लाथा फसल्या होत्या. सामन्यानंतर त्या पोराला शिव्या आणि धमक्या आल्या. एका डावाने कोणी अमर होतो, तसा कोणी त्याच्याखाली गाडलाही जातो.

गाडले जाण्यावरून रॉय रीगल्सची आठवण निघाली. १ जानेवारी १९२९, पॅसडीना, रोझ बाउल. कॅलिफोर्नियाच्या या गड्याने जॉर्जिया टेकच्या हातून निसटलेला चेंडू उचलला, गर्दीत गिरकी घेतली, दिशा चुकली आणि तो साठ-पासष्ट यार्ड आपल्याच सीमेकडे धावत सुटला. बेनी लोम हा त्याचाच सोबती ओरडत मागे धावला आणि त्याने सीमेजवळ त्याला कसेबसे धरले. तेवढ्यात प्रतिपक्षाने त्याला लोळविले. त्या घोटाळ्यातून जॉर्जिया टेकला २ गुण मिळाले आणि सामना गेला ८–७ ने. मध्यंतरात रीगल्स डोके धरून रडत बसला, मैदानात येईना. प्रशिक्षकाने त्याला समजावून उठविले. उत्तरार्धात तो खेळला, चांगला खेळला, प्रतिपक्षाची एक लाथ त्याने अडविलीही. पुढच्या हंगामात सोबत्यांचा कप्तान तोच होता. सोबत्यांनी त्याचे सारे काम पाहिले होते. गर्दीने एक धाव पाहिली, आणि जन्मभर त्याला 'उलट्या दिशेचा रीगल्स' म्हटले. १९६४ साली जिम मार्शल नावाचा व्यावसायिक खेळाडू असाच उलटा धावला, तेव्हा रीगल्सने त्याला पत्र पाठवून आपल्या मंडळात त्याचे स्वागत केले. पस्तीस वर्षांनी हसता आले, हेही थोडे नव्हे.

आता आमच्या पेशाकडे येतो. ही मुले विद्यार्थी की कामगार? १९५५ साली कोलोरॅडोतील एका लहान कॉलेजचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगारांच्या कायद्याखाली भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली : कॉलेजचा धंदा फुटबॉलचा नव्हे, म्हणून तो नोकर नव्हे. त्याच काळात कॉलेज-क्रीडासंघटनेने 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द प्रचारात आणला. तिचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे १९९५ च्या आपल्या पुस्तकात कबूल केले की भरपाईच्या दाव्यांची धास्ती या शब्दामागे होती.

हे वाचताना आम्हांस आमचा एक दावा आठवला. पॉवर प्रेसवर एका पोराची तीन बोटे गेली होती. हजेरीपटात त्याच्या नावापुढे लिहिले होते 'शिकाऊ'. मालकाचा वकील म्हणाला, हा कामगारच नव्हे, हा शिकतो आहे. दोन पाळ्या चालणाऱ्या प्रेसवर तो काय शिकत होता, असे आम्ही विचारले. उत्तर आले नाही, तारीख मात्र पडली. अशा पाच वर्षे तारखा पडल्या. शब्दाने माणसाचे बोट परत येत नाही, पण जाते कोणाच्या खात्यात ते शब्दच ठरवितो.

२०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी केन कोल्टर याच्या पुढाकाराने युनियनची मागणी केली. चौकशीत निघाले की हंगामात ते आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉलला देत होते. आमच्याकडे याला पूर्ण पाळी म्हणतात. प्रादेशिक अधिकाऱ्याने त्यांना कामगार ठरविले, मतदानही झाले. पण ऑगस्ट २०१५ मध्ये वरच्या मंडळाने या प्रकरणात हात घालण्यास नकार दिला आणि मतपेट्या न मोजताच राहिल्या. ज्याने आयुष्यात एकदा तरी युनियनची मते मोजली आहेत त्याला हे वाक्य वाचून काय वाटेल, ते सांगायला नको.

पुढे गाडी सरकली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व छबीचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्याने कॉलेजांना त्यांना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी एका कॉलेजास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. कामगार हा शब्द मात्र त्या समझोत्यातही नाही. १९८२ च्या चार पोरांना तर यातले काहीच नव्हते. शिष्यवृत्ती, जेवण आणि लोकांची आठवण, एवढी त्यांची मजुरी.

आणि त्या आठवणीचाही वाद मिटलेला नाही. स्टॅनफर्डवाले सांगतात की गार्नरचा गुडघा टेकला होता. दोन्ही विद्यापीठांत एक फिरती कुऱ्हाड आहे; जो जिंकेल त्याने ती वर्षभर ठेवायची. तिच्या पाटीवर सर्व सामन्यांचे गुण कोरलेले असतात. कुऱ्हाड कॅलिफोर्नियाकडे असली की १९८२ पुढे २५–२० असते. स्टॅनफर्डकडे गेली की ते लोक तो आकडा बदलून २०–१९ करतात.