यवतमाळ जिल्ह्यातील वन्य पक्षी आणि कीटकनाशके

यवतमाळ जिल्ह्यातील वन्य पक्षी आणि कीटकनाशके हा विषय पक्षिशास्त्र, विषशास्त्र आणि कृषिविज्ञान या तीन शाखांशी संबंधित आहे. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील यवतमाळ हा कापूस पिकवणारा प्रमुख जिल्हा असून तेथील पिकांवर खरीप हंगामात रासायनिक कीटकनाशकांची फवारणी केली जाते. २०१७ साली या फवारणीतून झालेल्या विषबाधेमुळे जिल्ह्यातील अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या वेळी चर्चेत आलेल्या मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकामुळे त्याच्या सुमारे दोन दशके आधी दक्षिण अमेरिकेत हजारो शिकारी पक्षी मेल्याचे सिद्ध झाले होते. माणूस आणि पक्षी या दोघांच्याही चेतासंस्थेवर हे रसायन एकाच पद्धतीने परिणाम करते. त्यामुळे वन्य पक्ष्यांना पर्यावरणातील दूषकांचे 'निर्देशक' मानले जाते.

भौगोलिक पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात मोडतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर असून त्यात १६ तालुके आहेत. वर्धा आणि पैनगंगा या जिल्ह्यातील मुख्य नद्या आहेत. जमीन बहुतांशी काळी व कोरडवाहू असून कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपातील मुख्य पिके आहेत. पांढरकवड्याजवळील टिपेश्वर अभयारण्य (सुमारे १४८ चौरस किलोमीटर) आणि उमरखेड परिसरातील पैनगंगा अभयारण्य ही जिल्ह्यातील संरक्षित वनक्षेत्रे होत. जंगल, गवताळ पडीक जमीन, तलाव आणि शेती लगत असल्यामुळे अनेक पक्षी निवाऱ्यासाठी झाडोऱ्यावर आणि अन्नासाठी शेतावर अवलंबून असतात.

शेतावर अवलंबून असणारे पक्षी

नांगरामागे व गुरांमागे फिरणारे गायबगळे, तारांवर बसून उडते कीटक टिपणारा कोतवाल, साळुंकी, वेडा राघू आणि नीलपंख हे मुख्यतः कीटकभक्षी पक्षी आहेत. मोर, तित्तर, होले आणि चिमण्या धान्य, बिया व कोवळे अंकुर खातात. मात्र चिमणीसारखे दाणे खाणारे पक्षीही पिलांना प्रामुख्याने अळ्या व किडे भरवतात. कापशी घार, पिंगळा आणि गव्हाणी घुबड यांच्या आहारात उंदरांना महत्त्वाचे स्थान आहे. अशा प्रकारे एकाच शेतात अन्नसाखळीच्या निरनिराळ्या पातळ्यांवरील पक्षी वावरतात. शेतात वापरलेले रसायन त्या प्रत्येकापर्यंत वेगळ्या मार्गाने पोहोचते.

विदर्भात दसऱ्याच्या दिवशी नीलपंखाचे (नीलकंठाचे) दर्शन शुभ मानले जाते. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात देशातील ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांपैकी २०४ जातींमध्ये घट आढळली. नीलपंखाच्या संख्येतील घट लक्षात घेऊन त्याच्या जागतिक संवर्धनस्थितीचा फेरविचार करावा, अशी शिफारस या अहवालात आहे. अशा घटीमागे अधिवासाचा ऱ्हास, एकपीक पद्धती आणि कीटकांची घटती संख्या अशी अनेक कारणे एकत्र असू शकतात.

विष पक्ष्यांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग

१. फवारणीमुळे मेलेले किंवा अर्धमेले कीटक खाणे. असे कीटक सहज सापडत असल्याने फवारलेल्या शेताकडे पक्षी उलट अधिक संख्येने आकर्षित होतात.
२. बीजप्रक्रिया केलेले बियाणे खाणे. पेरणीच्या वेळी उघड्यावर सांडलेले दाणे मोर व तित्तर यांच्यासाठी विशेष धोकादायक ठरतात.
३. द्रावण सांडलेले किंवा पंप धुतलेले पाणी पिणे.
४. फवाऱ्याचे तुषार त्वचेवर, पायांवर व पिसांवर पडणे आणि पिसे साफ करताना ते पोटात जाणे.
५. विषबाधा झालेले प्राणी खाणे. रानडुक्कर किंवा हिंस्र प्राण्यांना मारण्यासाठी ठेवलेल्या विषारी आमिषालाही मृतभक्षक पक्षी बळी पडतात.

शरीरावरील परिणाम

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस व ॲसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके आहेत. चेतापेशींमधील संदेशवहनासाठी ॲसिटिलकोलीन हे रसायन वापरले जाते. संदेश पोहोचल्यानंतर ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचे विकर त्याचे विघटन करते. ऑर्गॅनोफॉस्फेट या विकराला निकामी करते. परिणामी ॲसिटिलकोलीन साचत जाते आणि चेतासंस्था सतत उत्तेजित राहते. लाळ गळणे, तोल जाणे, आकडी येणे आणि अखेरीस श्वसन बंद पडणे अशी लक्षणे दिसतात. कार्बोफ्युरानसारखी कार्बामेट गटातील कीटकनाशकेही याच विकरावर परिणाम करतात, परंतु तो परिणाम तुलनेने लवकर ओसरतो.

ऑर्गॅनोफॉस्फेटचे शरीरात विघटन करणाऱ्या काही विकरांचे प्रमाण सस्तन प्राण्यांच्या तुलनेत पक्ष्यांमध्ये फार कमी असते. त्यामुळे यांतील अनेक रसायने पक्ष्यांना अधिक घातक ठरतात. मोनोक्रोटोफॉसची प्राणघातक मात्रा बऱ्याच पक्ष्यांसाठी प्रतिकिलो वजनामागे अवघी काही मिलिग्रॅम आहे.

मृत्यू हा विषबाधेचा एकमेव परिणाम नव्हे. अल्प मात्रेतही पक्ष्याची भूक मंदावते, दिशाज्ञान बिघडते, घरट्यातील अंडी व पिलांकडे दुर्लक्ष होते आणि शत्रूपासून बचाव करण्याची क्षमता कमी होते. इमिडाक्लोप्रिड हे निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशक अल्प प्रमाणात दिलेल्या स्थलांतरित चिमण्यांचे वजन काही तासांतच घटले आणि त्यांचा पुढील प्रवास सरासरी साडेतीन दिवसांनी लांबला, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील संशोधनात आढळले. कीटकांचा नाश झाल्याने अन्न कमी पडणे हा आणखी एक अप्रत्यक्ष परिणाम आहे. नेदरलँड्समध्ये २०१४ साली झालेल्या अभ्यासात, पाण्यात इमिडाक्लोप्रिडचे प्रमाण अधिक असलेल्या भागांत कीटकभक्षी पक्ष्यांची संख्या अधिक वेगाने घटत असल्याचे दिसून आले.

संशोधनाचा इतिहास

डीडीटी आणि अंड्यांचे कवच

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचा वापर जगभर वाढला. रेचल कार्सन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकाने त्याच्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधले. १९६७ साली ब्रिटिश पक्षितज्ज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतील जुन्या अंड्यांची नव्या अंड्यांशी तुलना करून, बहिरी ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पातळ झाल्याचे दाखवले. डीडीटीपासून तयार होणारे डीडीई हे द्रव्य चरबीत साठते, अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते आणि कवच तयार होताना लागणाऱ्या कॅल्शियमचा पुरवठा खंडित होतो. पातळ कवचाची अंडी उबवतानाच फुटतात.

भरतपूरचे सारस

राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकाच्या अखेरीस सारस क्रौंच व दाणे खाणारे काही पक्षी मृतावस्थेत आढळले. सु. मुरलीधरन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा संबंध आसपासच्या शेतांत वापरल्या जाणाऱ्या ऑल्ड्रिनशी जोडला. भारतातील वन्य पक्ष्यांच्या विषबाधेवरील हा महत्त्वाचा अभ्यास मानला जातो. कोइमतूर येथील सालिम अली पक्षिविज्ञान व निसर्गविज्ञान केंद्रात या विषयावर पुढेही काम झाले.

अर्जेंटिनातील शिकारी पक्षी

स्वेन्सनचा बाज हा शिकारी पक्षी उत्तर अमेरिकेत वीण करतो आणि हिवाळ्यात अर्जेंटिनाकडे स्थलांतर करतो. तेथे तो मुख्यतः नाकतोड्यांवर जगतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात उपग्रह प्रेषक लावलेल्या पक्ष्यांचा माग काढत संशोधक अर्जेंटिनातील शेतांत पोहोचले, तेव्हा तेथे मेलेल्या पक्ष्यांचे खच आढळले. १९९५-९६ च्या हंगामात ५,००० हून अधिक मृत पक्षी प्रत्यक्ष मोजले गेले; एकूण मृतांचा अंदाज सुमारे २०,००० होता. नाकतोड्यांच्या नियंत्रणासाठी फवारलेले मोनोक्रोटोफॉस हे यामागील कारण असल्याचे सिद्ध झाले. पुढे अर्जेंटिनाने या रसायनावर बंदी घातली.

गिधाडे आणि डायक्लोफिनॅक

भारतीय उपखंडातील सर्वांत मोठा ऱ्हास कीटकनाशकामुळे नव्हे, तर जनावरांच्या औषधामुळे झाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९९ साली केवलादेव येथील गिधाडांची घट नोंदवली. २००४ साली लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून, डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे स्पष्ट झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. एकूण मृत जनावरांपैकी एक टक्क्याहूनही कमी जनावरांमध्ये या औषधाचा घातक अंश असला, तरी एवढी घट होऊ शकते, असे गणिती प्रारूपांतून दिसून आले. भारताने २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर, तर २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्या तशाच वापरावर बंदी घातली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रातील गिधाडे विदर्भातील पेंच व ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पांत आणण्यात आली.

यवतमाळमधील २०१७ ची विषबाधा

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली. २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अनेकांवर उपचार करण्यात आले. मळमळ, श्वास घेण्यास त्रास, अंधूक दिसणे व डोळ्यांची जळजळ ही त्यांतील प्रमुख लक्षणे होती. कपाशीची झाडे उंच वाढलेली असल्याने द्रावण फवारणाऱ्याच्या चेहऱ्यावर व अंगावर पडणे, संरक्षक साधनांचा अभाव आणि एकाहून अधिक रसायने मिसळून फवारणे ही कारणे पुढे आली. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. यवतमाळसह अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, डायफेंथियुरॉन व ॲसिफेट यांची विशिष्ट उत्पादने, तसेच प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही मिश्रणे अशा पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घालण्यात आली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मोनोक्रोटोफॉस 'अत्यंत घातक' गटात मोडते. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शालेय पोषण आहारातून २३ मुलांचा मृत्यू झाला, त्यामागेही हेच रसायन होते. अर्जेंटिनातील पक्षी, सारणमधील मुले आणि यवतमाळमधील शेतमजूर यांच्या शरीरात विष शिरण्याचे मार्ग भिन्न होते. परंतु मोनोक्रोटोफॉसने तिन्ही ठिकाणी निकामी केलेले विकर एकच होते. पक्ष्यांवरील विषबाधेच्या नोंदी मानवी आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात, त्या याच कारणामुळे.

निदानाच्या पद्धती

शेतात मृत पक्षी सापडला एवढ्यावरून विषबाधा सिद्ध होत नाही. रोग, विजेच्या तारा किंवा उष्माघात हेही कारण असू शकते. शवविच्छेदनात अन्नपुटातील व जठरातील दाणे-किडे तपासले जातात. मेंदूतील कोलिनएस्टरेजची क्रिया त्याच जातीच्या निरोगी पक्ष्याशी ताडून पाहतात. ही क्रिया सुमारे २० टक्क्यांनी घटलेली असल्यास विषाशी संपर्क आल्याचे, तर ५० टक्के किंवा त्याहून अधिक घटलेली असल्यास मृत्यूचे तेच कारण असल्याचे मानण्याचा प्रघात आहे. यकृत, चरबी व अंडी यांतील रासायनिक अंश वायुवर्णलेखन किंवा द्रववर्णलेखन पद्धतीने मोजतात. जड धातूंसाठी गळून पडलेल्या पिसांचाही उपयोग होतो. त्यासाठी पक्ष्याला इजा करावी लागत नाही. उष्ण हवामानात ऊतींचा लवकर नाश होत असल्याने नमुने तातडीने गोठवणे आवश्यक असते.

कायदेशीर तरतुदी

भारतात कीटकनाशकांचे उत्पादन, विक्री व वापर यांचे नियमन कीटकनाशके अधिनियम, १९६८ नुसार होते. शेतीतील डीडीटीचा वापर १९८९ साली थांबवण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये एंडोसल्फानच्या उत्पादनावर व वापरावर बंदी घातली. फोरेट, फॉस्फॅमिडॉन व ट्रायझोफॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास पूर्वीपासून मनाई होती. २०२३ साली केंद्र शासनाने त्याच्या ३६ टक्के तीव्रतेच्या द्रावणाचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला. मोर, सारस व गिधाडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे.

प्रतिबंधक उपाय

एकात्मिक कीड व्यवस्थापनात किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच रासायनिक फवारणीची शिफारस केली जाते. त्याआधी निंबोळी अर्क, कामगंध सापळे, ट्रायकोग्रामा हे परोपजीवी कीटक आणि पक्षीथांबे यांचा वापर सुचवला जातो. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ विदर्भातील कापूस उत्पादकांना कीड नियंत्रणाविषयी मार्गदर्शन करतात. पक्षीथांबा म्हणजे पिकापेक्षा उंच रोवलेली इंग्रजी 'टी' आकाराची काठी. तिच्यावर बसून कोतवालासारखे पक्षी पिकावरील अळ्या टिपतात. ज्या शेतात पक्षीथांबे लावले आहेत तेथेच तीव्र विषारी फवारणी केल्यास मदतीला आलेले पक्षीच बळी पडू शकतात. त्यामुळे हे दोन उपाय एकत्र वापरणे टाळावे लागते.

याखेरीज बीजप्रक्रिया केलेले बियाणे मातीआड झाकणे, उरलेले द्रावण नाल्यात किंवा तलावात न ओतणे, रिकामे डबे नष्ट करणे, मिश्रणे टाळणे आणि फवारताना हातमोजे, मुखपट्टी व चष्मा वापरणे हे उपाय सांगितले जातात. यांतील बहुतेक उपायांचा लाभ फवारणी करणारा आणि शेतात उतरणारे पक्षी या दोघांनाही होतो.

हेही पाहा

यवतमाळ जिल्हा
टिपेश्वर अभयारण्य
एकात्मिक कीड व्यवस्थापन
भारतातील गिधाडांचे संवर्धन