दूध-तूप-पनीर नाही, मग चव कुठून आणायची?

आजचा एपिसोड खाण्यावर जीव असणाऱ्यांसाठी, पण ज्यांचं मटण, दूध, तूप सुटलंय त्यांच्यासाठी. कुणी स्वतःहून सोडतं, कुणाला दूध पचत नाही म्हणून डॉक्टर बंद करायला सांगतात. स्वतःहून सोडणारे बरेच जण पंधरा दिवसांत कंटाळून परत येतात. ज्याला दूध सोसतच नाही, त्याला तर परतायची सोयच नाही. त्याने काय जन्मभर उकडलेल्या भाज्या खायच्या?

अजिबात नाही! पहिली गडबड सर्चमध्येच होते. 'व्हीगन रेसिपी' टाकलं की टोफू, बदामाचं दूध, ॲव्होकॅडो असलं काहीतरी समोर येतं. खिशाला महाग आणि जिभेला अनोळखी. त्याऐवजी पदार्थाचं नाव टाका: शेवभाजी, तेलावरचं पिठलं, भरली वांगी, शेंगदाण्याची आमटी, खानदेशी भरीत. यात दूध-तूप लागतच नाही.

आपल्या नाशिकची मिसळच घ्या ना. मोड आलेली मटकी, रस्सा, तर्री, फरसाण, कांदा, लिंबू, पापड. दही वेगळ्या वाटीत येतं, 'नको' म्हटलं की झालं. पावात दूध किंवा वर बटर आहे का, तेवढं विचारून घ्या.

मग एवढी चव येते कुठून? तीन गोष्टींतून.

एक, भाजणं. कांदा-खोबरं खरपूस भाजताना त्यातली साखर आणि अमिनो ॲसिड यांची रिॲक्शन होते आणि कितीतरी नवे वास तयार होतात. फ्रेंच केमिस्ट मेलार्ड याने १९१२ मध्ये ही रिॲक्शन मांडली, म्हणून तिला त्याचं नाव. मटणाच्या रश्श्याची जी चव डोक्यात बसलेली असते ना, तिच्यात या भाजलेल्या वाटणाचा वाटा मोठा असतो.

दोन, तेल. मिरचीतलं तिखट आणि मसाल्यातले बरेचसे सुगंध पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळतात. म्हणून तर तर्रीला एवढा मान! 'झिरो ऑईल' रेसिपीत मसाला कच्चा लागतो तो यामुळेच.

तीन, आंबटपणा आणि दाटपणा. दह्याचं काम चिंच, आमसूल, लिंबू करतात. सायीचं काम शेंगदाण्याचं कूट, तीळ आणि खोबरं करतात.

म्हणजे कुठलीही रेसिपी उघडली की तीन प्रश्न विचारा. भाजलंय काय? मसाला तेलात परतलाय का? आंबट आणि दाट कशाने केलंय? तिन्ही उत्तरं मिळाली तर बिनधास्त करा.

रूमवर राहणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती. रविवारी दोन कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि चमचाभर तीळ भाजून वाटा. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरमध्ये ठेवा. ऑफिसातून आलात की दोन चमचे तेलात तीन-चार क्यूब टाका, काळा मसाला घाला, तेल सुटेपर्यंत परता. गरम पाणी, मीठ, एक उकळी. जाड तिखट शेव मात्र ताटात वाढताना घाला, नाहीतर लगदा होतो. पंधरा-वीस मिनिटांत शेवभाजी तयार!

आता एक महत्त्वाचं. चव सांभाळली तरी शरीराचा हिशेब चुकवू नका. कॅल्शियमसाठी नागली आहेच, आपल्या पेठ-सुरगाण्याकडची. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. पण व्हिटॅमिन बी-१२ डाळी-भाज्यांतून भरवशाने मिळत नाही. दूध, अंडी, मांस सगळंच बंद असेल तर बी-१२ची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. यात चालढकल नको.

तुमच्या घरी दूध-तुपाशिवाय होणारा, बोटं चाटायला लावणारा पदार्थ कोणता? आजीला, आईला विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!