जॅकने हवा धरली

दांडा हलका लागला की हाताला आधी कळतं. वर-खाली, वर-खाली करत राहिलं तरी जॅकचा खांब जागचा हलत नाही. तेल गळालेलं नसतं, काही तुटलेलंही नसतं. गॅरेजमधला माणूस दोनदा दांडा हलवून पाहतो आणि सांगतो, ‘हवा धरलीय.’ विहिरीवरची मोटार पाणी उचलेनाशी झाली की शेतकरीही हेच म्हणतो. दोन्ही यंत्रांचा आजार खरोखरच एक आहे.

गाडीच्या डिक्कीत असतो तसा बाटलीच्या आकाराचा, दोन टनी जॅक समोर ठेवू आणि हिशेबाला सोपे आकडे घेऊ. मोठ्या दट्ट्याचं, म्हणजे वर येणाऱ्या खांबाचं क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर. पंपाच्या छोट्या दट्ट्याचं १ चौरस सेंटिमीटर. चाकावरचा भार ३५० किलो धरला, तर खांबाखालच्या तेलावर दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो, म्हणजे साधारण ७० वातावरणांइतका दाब येतो. छोट्या दट्ट्यालाही तेवढाच दाब द्यावा लागतो. पण त्याचं क्षेत्रफळ लहान असल्यामुळे ७० किलोंचा जोर पुरतो, आणि दांड्याची तरफ पंधरापट असेल तर हाताला पाच किलोंहूनही कमी. पूर्ण दोन टन भार आला की हाच दाब ४०० वातावरणांवर जातो. दर हापशाला २ घन सेंटिमीटर तेल खांबाखाली जातं आणि खांब ४ मिलिमीटर वर सरकतो.

इथवरचं शाळेच्या पुस्तकात असतं. पण छोटा दट्ट्या वर उचलला की त्याच्याखाली नवं तेल येतं कसं? आपण म्हणतो, दट्ट्या तेल खेचतो. द्रवाला असं धरून खेचता येत नाही. दट्ट्या फक्त जागा मोकळी करतो आणि टाकीतल्या तेलावर बसलेली हवा त्या जागेत तेल ढकलते. जॅकच्या दोन नळकांड्यांमधली पोकळी हीच टाकी; तिच्यात तेलाच्या वर थोडी हवा मुद्दाम राखलेली असते. म्हणजे शेकडो वातावरणांचा दाब पेलणारं हे यंत्र तेल पिण्यासाठी अवघ्या एका वातावरणावर अवलंबून आहे. मला या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कालचे द्रवांच्या समतोलावरचे आणि हवेच्या वजनावरचे दोन प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, एकाच पुस्तकात छापले गेले. १६४८ मध्ये त्याच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्याने फ्रान्समधल्या प्यी द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेली होती, आणि डोंगर चढेल तशी हवा हलकी होत जाते हे दिसलं होतं. त्या पुस्तकातली दोन्ही सत्यं जॅकमध्ये एकत्र काम करतात, एक खांबाखाली आणि एक टाकीत. द्रवाच्या दाबावर चालणारा प्रेस मात्र जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये १७९५ साली पेटंट केला. मधली सव्वाशेहून जास्त वर्षं तत्त्व माहीत असूनही यंत्र नव्हतं. एवढा दाब न गळता अडवणारं सील हीच त्यातली अवघड बाब होती.

आता टाकीत तेल गळ्यापर्यंत भरलं तर? अनेकांना वाटतं, जास्त तेल म्हणजे जास्त ताकद. समजा, टाकीचं बूच घट्ट आहे आणि वर फक्त २० घन सेंटिमीटर हवा उरली आहे. खांब १२ सेंटिमीटर वर न्यायला ६० घन सेंटिमीटर तेल लागतं. तेवढं गेलं की हवेला चौपट जागा मिळते आणि तिचा दाब पाव वातावरणावर येतो. तेल ढकलणारा हातच थकतो, पंप अर्धपोटी राहतो आणि खांब पूर्ण उंची गाठण्याआधीच रेंगाळतो. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावी तर बाहेरची हवाच मुळात समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश दाबाची असते.

टाकीत हवी असलेली हीच हवा दुसरीकडे गेली की घात करते, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. खांबाखाली १० घन सेंटिमीटर हवा अडकली असेल, तर ७० वातावरणांखाली ती सत्तराव्या हिश्शाएवढी होते, शिवाय बरीचशी तेलात विरघळते. तुमचे पाचेक हापसे वाया जातात, इतकंच. पण पंपाच्या छोट्या पोकळीत २ घन सेंटिमीटर हवा शिरली, तर जॅक लुळा पडतो. दट्ट्या तळाला टेकला तरी खाली ०.३ घन सेंटिमीटरसारखी चिमूटभर जागा उरतेच. त्या जागेत हवा दाबून दाबून सात-आठ वातावरणांपर्यंत जाते. खांबाकडे जाणारी वाट एक छर्रा झडपेसारखा अडवून असतो आणि पलीकडून त्या छर्र्याला ७० वातावरणं दाबून बसलेली असतात. छर्रा उघडत नाही. दांडा वर घेतला की तीच हवा पुन्हा फुलते आणि जागा भरून टाकते, त्यामुळे नवं तेलही आत येत नाही. बंद खोलीत एकच पाहुणा आत-बाहेर न होता नुसता आखडतो आणि पसरतो.

ही हवा पंपात शिरते ती बहुतेक वेळा जॅक डिक्कीत आडवा लोळत राहिल्यामुळे. आडव्या जॅकमध्ये टाकीतली हवा तेल शोषणाऱ्या भोकापाशी येऊ शकते. शिवाय खनिज तेलात साध्या दाबाला त्याच्या आकारमानाच्या आठ-दहा टक्के हवा विरघळलेली असतेच. शोषणाच्या वेळी दाब घटला की तिचे बारीक बुडबुडे सुटतात.

उपाय या हिशेबातच आहे. गाडी जॅकवरून पूर्ण उतरवायची, जॅक उभा ठेवायचा, दाब सोडण्याचा स्क्रू सैल करून खांब तळापर्यंत बसवायचा आणि टाकीचं रबरी बूच काढायचं. आता छर्र्यापलीकडे ७० वातावरणं नाहीत, म्हणून सात-आठवाली हवाही वाट काढू शकते. स्क्रू तसाच सैल ठेवून दांडा भराभर दहा-पंधरा वेळा हापसला की हवा टाकीत परतते आणि बुचाच्या भोकापाशी बुडबुडे फुटताना दिसतात. खांब खालीच असताना तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं, त्याहून वर नको. मग बूच लावायचं, स्क्रू आवळायचा आणि जॅक पुन्हा गाडीखाली ठेवायचा. खांब गाडीला टेकला की पुढच्या हापशाला दांडा हातात जड लागतो.