जठर लहान झालं, माणूस नव्हे

कॅन्सर किंवा अल्सरमुळे जठराचा भाग काढला की वस्तीत म्हणतात, "आता हा कामातून गेला." तसं नसतं, बंधू-भगिनींनो. 1881 साली व्हिएन्नात डॉ. बिलरोथ यांनी उरलेलं जठर आतड्याला जोडून दाखवलं. आज ही जोडणी मुख्यतः तीन तऱ्हांनी होते: आतड्याच्या सुरुवातीला, पुढच्या वळणाला, किंवा 'वाय' अक्षरासारखी. 'वाय'मध्ये पित्त उलटं जठरात येणं कमी होतं. आपली जोडणी कोणती, ते डिस्चार्ज कार्डावर असतं. कार्ड जपा.

कोठी लहान झाल्याने अन्न घाईने आतड्यात उतरतं. मग जेवल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब. एक ते तीन तासांनी साखर उतरून चक्कर, थरथर. म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, नीट चावून खा. अंडी, डाळ, मासळी घ्या. गोड चहा, गूळ, सरबत टाळा. पाणी जेवताना नको, अर्ध्या तासाच्या अंतराने प्या.

बी-12 आणि लोह कमी पडतं. थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात. रक्त तपासत राहा, डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनं मध्येच सोडू नका. काळी शौच, रक्ताची उलटी झाली तर लगेच दवाखाना गाठा. वजन घटतच राहिलं तरी दाखवा.

ऑपरेशन बाईचं असेल तर आम्ही घरच्यांना एकच सांगतो: सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची रीत आजपासून बंद. तिच्या सहा वेळा ठरवा. रोजंदारीवर जाणाऱ्यानेही डब्यातले दोन घास मध्येच खावेत. त्यात लाज कसली?