डिझाइनचे शिक्षण आणि घरातील पूर्वतयारी

बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि मग घरातील वडील माणसे मुलांना जवळ बसवून पुढचा बेत विचारतात. एखादी मुलगी सांगते की, तिला डिझाइन शिकावयाचे आहे. आजी विचारते, हे शिकून होणार काय. काका म्हणतात, पोरीचा हात चांगला आहे, शिकू द्या. अखेर होकार मिळतो आणि चौकशीस आरंभ होतो. त्या चौकशीत प्रथम कळते ते हे की, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे अर्ज आदल्या वर्षीच, मुलगी बारावीच्या सहामाहीत गुंतलेली असतानाच, निघाले आणि मुदत संपून बंदही झाले, पवईच्या आय. आय. टी.साठीची प्रवेशपरीक्षा जानेवारीत होऊन गेली. आणि आता हाती उरले आहे ते पुढचे वर्ष.

चुकलेल्या तारखा वर्षाने पुन्हा येतात. परंतु या परीक्षांत जे पाहिले जाते ते एका वर्षात सहसा अंगी येत नाही. ते शाळेच्या वयापासून, घरातच, बरेचसे नकळत घडत जाते. म्हणून ज्या श्रोत्यांच्या घरी आठवी-नववीतील चित्रे काढणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी अर्जाच्या कागदांपूर्वी या विद्येच्या स्वरूपाकडेच थोडे लक्ष द्यावे, हे बरे.

आपल्या घरात ‘डिझाइन’ हा शब्द परका राहिलेला नाही. तथापि तो वापरला जातो साडीच्या काठावरील वेलबुट्टीसाठी, रांगोळीच्या नमुन्यासाठी, फार तर पाटल्यांच्या घडणीसाठी. म्हणजे वस्तू तयार झाल्यावर तिच्या अंगावर जी शोभा चढवितात, तिला आपण डिझाइन म्हणतो. या विद्यालयांतून शिकविली जाणारी विद्या याहून निराळी आहे. तिच्यासाठी मराठीत जवळचा शब्द हवा असेल तर तो शिंप्याच्या दुकानात सापडेल. शिंपी कापड ‘बेततो’. अंगाचे माप, कापडाचा पन्हा, शिवणीत ठेवावयाची माया, उद्या मूल वाढले तर उसवून सैल करण्याची सोय आणि गिऱ्हाइकाच्या खिशातील पैसा, इतक्या गोष्टींचा मेळ कात्री लावण्यापूर्वी त्याच्या डोक्यात बसलेला असतो. सरकारी कागदांत ‘संकल्पचित्र’ हा भारदस्त शब्द योजतात. पण ‘बेतणे’ या क्रियापदात जो अर्थ भरला आहे तो त्यात उतरलेला नाही.

त्या भारदस्त शब्दामुळे महाराष्ट्रात एक घोटाळाही झाला आहे. आपल्याकडील शाळकरी मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. त्यांत संकल्पचित्राची एक प्रश्नपत्रिका असते. दिलेल्या आकारात पानेफुले, पक्षी वा भौमितिक आकृत्या नीट बसवून रंग भरणे, हे तिचे स्वरूप. या प्रश्नपत्रिकेत हात चालला की मुलाला डिझाइन येते, असे पालक धरून चालतात. वस्तुतः त्याच परीक्षांतील दुसरी एक प्रश्नपत्रिका या कामी अधिक उपयोगी आहे, ती स्मरणचित्राची. बाजार, बसथांबा, विहिरीवरचे पाणी भरणे असे प्रसंग समोर काहीही नसताना आठवून काढावयाचे, यासाठी ते प्रसंग कधीतरी डोळे उघडे ठेवून पाहिलेले असावे लागतात. ज्या मुलाला ही प्रश्नपत्रिका आवडते, त्याच्याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

या विद्येची भारतातील सुरुवात कशी झाली हे पाहिल्यास परीक्षक काय शोधतात याचा उलगडा होतो. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ सालची. चित्र, शिल्प आणि हस्तव्यवसाय यांचे शिक्षण आपल्याकडे तेव्हापासून आहे. पण कारखान्यांतून निघणाऱ्या व रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंचा विचार करणारी स्वतंत्र संस्था निघावयास स्वातंत्र्यानंतरचे दशक उलटावे लागले. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य देशात हिंडले आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. देशात पाहिलेल्या साऱ्या वस्तूंत त्यांना सर्वात मोठे नवल वाटले ते आपल्या साध्या तांब्याचे. एका खेपेस किती पाणी न्यावयाचे, नेणाऱ्याचा हात केवढा, तो डोक्यावर घ्यावयाचा की कमरेवर, रिकामा असता व भरला असता त्याचा तोल कोठे राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो की नाही, किंमत काय आणि मोडीत किती येतील, असे प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याभोवती उभे केले. हा तांब्या कोणा एका माणसाने बेतलेला नाही, अनेक पिढ्यांनी तो घडविला. आणि पिढ्यांनी सावकाश केलेले हे काम आता शिक्षणाने जाणीवपूर्वक करावे, असा त्यांचा सांगावा होता. त्यातून १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. गौतम व गिरा साराभाई या भावंडांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता.

महाराष्ट्रात हे शिक्षण १९६९ साली पवईच्या आय. आय. टी.मध्ये आले. तेथील केंद्राचे आरंभीचे प्रमुख सुधाकर नाडकर्णी हे मुंबईच्या कलाशाळेत शिकून पुढे जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध विद्यालयात गेलेले, आणि अहमदाबादेस अध्यापन करून आलेले. याच केंद्रात र. कृ. जोशी यांनी अक्षररचना शिकविली. संगणकाच्या पडद्यावर कित्येक वर्षे आपण जी ‘मंगल’ नावाची देवनागरी वाचीत आलो, ती त्यांची. अक्षराचा काना किती जाड असावा, जोडाक्षर लहान आकारातही ओळखू यावे म्हणून काय करावे, हा विचारही याच विद्येत मोडतो, हे या उदाहरणावरून ध्यानी यावे.

आता परीक्षांकडे वळता येईल. पवईचा पदवी अभ्यासक्रम व ‘युसीड’ ही त्याची प्रवेशपरीक्षा दोन्ही २०१५ सालची. दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद, रुरकी आदी ठिकाणच्या संस्थाही याच परीक्षेवरून प्रवेश देतात. परीक्षा तीन तासांची. पहिला भाग संगणकावर सोडवावयाचा. दुसरा कागदावर, हाताने रेखाटून. पहिल्या भागावरून चाळणी लागते आणि त्या चाळणीतून उतरलेल्यांचाच दुसरा भाग तपासला जातो. या पहिल्या भागात घडी घातलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, दातेरी चाकांच्या मालिकेतील शेवटचे चाक कोणत्या दिशेस फिरेल, ठोकळ्यांची रास मागून पाहता कशी दिसेल, अशा धर्तीचे प्रश्न असतात. भोवतालचा समाज, निसर्ग, भाषा व तर्क यांवरही विचारले जाते. केवळ सुबक चित्रे काढणारा मुलगा येथेच अडखळतो, आणि जुने घड्याळ खोलून परत जुळविणारा मुलगा सुखाने पुढे जातो.

अहमदाबादची रीत थोडी निराळी आहे. पहिला टप्पा लेखी. त्यातून निवडलेल्यांना दुसऱ्या टप्प्यास बोलावतात. तेथे तार, कागद, पुठ्ठा अथवा माती यांसारखे साहित्य देऊन हाताने काही घडवावयास सांगण्याचा प्रघात आहे. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या प्रवेशातही याच जातीची एक चाचणी असते. ज्या घरात आईवडील मुलांचे शालेय प्रकल्प स्वतः रात्री जागून करून देतात, त्या घरातील मुलाचे हात अशा वेळी नेमके रिकामे राहतात.

रेखाटनाविषयीही गैरसमज फार. तपासणाऱ्यास छायाप्रकाशाची कसरत अथवा रंगांची झगमग नको असते. पावसात दादर स्थानकाबाहेर भाजी विकणारी बाई काढावयाची आहे, असे समजा. पाहणारा उभा आहे की जिन्यावरून खाली पाहतो आहे, हे रेषांवरून कळले पाहिजे. दूर जाणारा रस्ता निमुळता व्हावा, माणसांची उंची एकमेकांशी जुळावी, टोपलीवर वाकलेल्या बाईची पाठ खरोखर वाकलेली दिसावी. आणि तिने प्लॅस्टिकचा कागद कशाला बांधला आहे, पैसे कोठे ठेवले आहेत, पाटीखाली वीट का सरकवली आहे, हे सारे चित्रात यावे. पाटीखालची वीट ज्याने पाहिली नाही, त्याला ती परीक्षेच्या दालनात सुचणे कठीण.

हा डोळा घरातच तयार होऊ शकतो, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. स्वयंपाकघरातील विळी घ्यावी. तिची पाट पायाखाली दाबून बसले की दोन्ही हात मोकळे राहतात. पाते स्थिर आणि फिरते ती भाजी. टोकाला खवणी असली की त्याच बैठकीत नारळही खोवून होतो. पुढे शहरातील घरांत उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आला. पाय जमिनीवर, काम कमरेच्या उंचीवर. विळी पायाने दाबता येईना, म्हणून हाती सुरी आली. काही घरांनी ओट्यावर ठेवण्याजोग्या विळ्या आणल्या, तेव्हा पाट घसरू नये याची नवी तजवीज करावी लागली. एका मुलाने आठवडाभर आपल्या आजीला विळीवर व आईला सुरीने भाजी चिरताना पाहून हातांच्या हालचालींची पंधरावीस रेखाटने केली, गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी काय बदलता येईल याचे तीन-चार बेत काढले, पुठ्ठ्याचा एक नमुना करून आजीच्या हाती दिला आणि तिने तो का नाकारला हे टिपून ठेवले, तर त्याची तयारी योग्य वाटेने सुरू झाली म्हणावयास हरकत नाही. आजीने नाकारलेला नमुना फेकून मात्र देऊ नये. त्याचे कारण पुढे येईल.

शिकवणीवर्गांचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. परीक्षेच्या वेळेचे भान येणे, जुन्या प्रश्नपत्रिका सोडविणे, परिप्रेक्ष्याचे नियम कोणाकडून तरी नीट समजून घेणे, यापुरता वर्गाचा उपयोग आहे. परंतु जत्रेचे एक, रेल्वे फलाटाचे एक, सणाचे एक, अशी ठराविक चित्रे पाठ करवून घेणाऱ्या वर्गात मुलाला घालणे म्हणजे त्याचा डोळा बंद करण्यासाठी पैसे मोजणे होय. शंभर मुलांनी काढलेली एकच जत्रा पाहिल्यावर परीक्षकाला वर्ग ओळखू येतो, उमेदवार ओळखू येत नाही. पवईच्या संस्थेने जुन्या प्रश्नपत्रिका आपल्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. त्यांसाठी कोणास दाम देण्याचे कारण नाही.

आणखी एक भीती अनाठायी आहे. हे शिक्षण आय. आय. टी.त मिळते म्हणून विज्ञानशाखाच घ्यावी लागते, असे समजून मुलांना मनाविरुद्ध तिकडे लोटले जाते. अहमदाबाद व पवई या दोन्ही ठिकाणी पदवीसाठी कला, वाणिज्य व विज्ञान यांपैकी कोणत्याही शाखेचा बारावी विद्यार्थी चालतो. बंधने आहेत ती वयाची व प्रयत्नांची. ‘युसीड’ फार तर दोनदा, तीही लागोपाठच्या वर्षी देता येते. आणि पहिली खेप नुसती बघून येण्यासाठी म्हणून घालविणारे घर आपल्या हातची निम्मी संधी खर्ची टाकते. सामान्यतः अर्ज बारावीच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. तारखा व नियम दरसाल थोडेबहुत बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका अकरावीच्या सुटीतच वाचावयास घ्यावी. राखीव जागांचे वा अपंगत्वाचे दाखले लागणार असतील तर तेही तेव्हाच मागावेत. कचेऱ्यांतून दाखला निघावयास जो वेळ लागतो, त्याची कल्पना पालकांना असतेच.

ज्यांना पदवीच्या वेळी जागा मिळाली नाही त्यांना पुढे दुसरे दार आहे. अभियांत्रिकी, वास्तुकला, उपयोजित कला अशी अन्य पदवी घेऊन ‘सीड’ या परीक्षेने पदव्युत्तर अभ्यासक्रमास जाता येते, आणि तेथे वयाची अट नाही. आपल्याकडील कलाशाळांतून जी. डी. आर्ट पदविका घेतलेल्यांनाही एक वर्षाच्या कामाच्या अनुभवानंतर हे दार उघडते. या टप्प्यावर मुलाखत होते आणि उमेदवाराने आपल्या कामाचा संग्रह दाखवावयाचा असतो. छायाचित्रांवरून उतरविलेले नटनट्यांचे चेहरे संग्रहाच्या पहिल्या पानांवर लावण्याची हौस पुष्कळांना असते; त्यांवर बोलण्यासारखे काही नसल्याने मुलाखत तेथेच थंडावते. उलट पाचसहाच कामे, पण प्रत्येकाची सुरुवातीची खाडाखोड, फसलेले नमुने, वापरणाऱ्यांनी काढलेल्या खोड्या आणि त्यानंतर केलेले फेरफार क्रमाने लावलेले असले, तर विचारणाऱ्यास विचारावयास जागा मिळते. आजीने नाकारलेली पुठ्ठ्याची विळी, तारखेसह, अशा वेळी उपयोगी पडते.