दुखण्याची इयत्ता

ताप मोजावयास थर्मामीटर आहे. पण बोटांना येणाऱ्या मुंग्या कशाने मोजावयाच्या? पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालिप्लॅटिन ही कर्करोगावरील औषधे हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करतात. इजा किती, हे पाहून पुढील मात्रा पूर्ण द्यावयाची, कमी करावयाची की थांबवावयाची, हे ठरते. मात्रा तशीच चालू ठेवली तर बोटे कायमची बधिर होण्याचे भय. उगाच कमी केली तर रोगाला फावण्याचे भय.

यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८३ साली दुष्परिणामांची एक कसोटी तयार केली. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या झाल्या. तीत पहिली श्रेणी सौम्य, तिसरी तीव्र, चौथी जिवावरची. आणि पाचवी म्हणजे मृत्यू. शाळेतल्या इयत्तांप्रमाणे येथे वर चढण्यात आनंद नाही!

जुलाबांचेच पाहा. नेहमीपेक्षा चार ते सहा वेळा अधिक झाले तर दुसरी श्रेणी, सात किंवा अधिक वाढले तर तिसरी. ज्याला रोज दोनदा जावे लागते तो आठदा गेला, तर वाढ सहाचीच. पण ‘नेहमीपेक्षा’ हा शब्द नजरेआड झाला की कागदावर तिसरी श्रेणी पडते. मुंग्यांचे तर याहून कठीण. स्वयंपाक, बाजारहाट अडला तर दुसरी. आंघोळ, कपडे घालणे अडले तर तिसरी. आता सदऱ्याची गुंडी लागते, पण पाच मिनिटे खटपट करून. हे ‘अडणे’ म्हणावे काय? एक डॉक्टर हो म्हणेल, दुसरा नाही. शिवाय औषध बंद होईल या धास्तीने रोगी ‘बरे आहे’ एवढेच सांगतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच रोग्याला दोन चिकित्सकांनी स्वतंत्रपणे श्रेणी दिल्या. त्यांचा मेळ बहुतेक लक्षणांत बेताचाच बसला.

तेव्हा रोग्यालाच का विचारू नये? त्याच संस्थेने रोग्याने स्वतः भरावयाची प्रश्नावली तयार केली. गेल्या सात दिवसांत त्रास किती वेळा झाला, किती तीव्र होता, कामात किती आड आला, असे तिचे साधे प्रश्न आहेत.

न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात ७६६ रोग्यांवर याच विचाराचा एक प्रयोग झाला. ज्यांनी आपली लक्षणे नियमित कळवली आणि त्रास वाढताच ज्यांच्या परिचारिकांना सूचना गेली, त्यांचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने भरले. नेहमीच्या पद्धतीने पाहिलेल्यांचे २६. हे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झाले. एकाच रुग्णालयातले म्हणून ते जपूनच घ्यावेत. पण या प्रयोगात नवे औषध एकही नव्हते.